‘कुठे आहे?’ आणि ‘कोणी केलं?’

नमस्कार.

फोटो क्रमांक 508 आहे, 510 आहे, 509 नाही. बेपत्ता माणसांचा माग काढण्यात रात्री जागवणाऱ्या हौशी मंडळींपैकी कुणालाही हा आकडा सांगून बघा, पुढची सगळी हकीकत ते तुम्हाला न अडखळता सांगतील. पनामातल्या बोकेते गावाजवळची डोंगरवाट. 1 एप्रिल 2014 ला दोन डच तरुणी ती वाट चढायला गेल्या आणि परतल्या नाहीत. साधारण दहा आठवड्यांनी नदीकाठी त्यांची पाठपिशवी मिळाली. आत दोघींचे फोन, कॅमेरा, थोडे पैसे. कॅमेऱ्यातले दिवसाउजेडी काढलेले फोटो 508 पाशी थांबतात. 510 पासून पुढे आहेत ते 8 एप्रिलच्या पहाटे, मिट्ट काळोखात, फ्लॅश टाकून काढलेले नव्वदेक फोटो. मधला 509 कुठे गेला?

दहा वर्षांहून अधिक काळ लोक या एका न-फोटोबद्दल बोलताहेत. कुणी म्हणतं, त्यांनीच पुसला. कुणी म्हणतं, कॅमेरा आपटला आणि फोटो लिहिलाच गेला नाही. कुणी म्हणतं, त्यात तिसरा माणूस होता आणि त्या माणसानेच तो काढून टाकला. मी स्वतः या चर्चेत कितीतरी रात्री घालवल्या आहेत, म्हणून आतून सांगते: 509 बद्दल आपल्याला एकच गोष्ट माहीत आहे, ती म्हणजे तो नाही. बाकीचं सगळं आपण त्या मोकळ्या जागेत नेऊन भरलेलं आहे.

आणि गंमत नव्हे, दुःख याचं की त्याच पिशवीत याहून कितीतरी बोलका पुरावा होता. फोनची नोंद. 1 एप्रिललाच दुपारी 4 वाजून 39 मिनिटांनी एका फोनवरून 112 लावण्याचा प्रयत्न झाला होता. बारा मिनिटांनी दुसऱ्या फोनवरून. रेंज नव्हती, कॉल लागला नाही. या एका ओळीतून किती कळतं बघा. संकट त्याच दिवशी आलं होतं. अंधार पडायला अजून जवळपास दोन तास होते, म्हणजे ‘रात्र झाली म्हणून घाबरल्या’ हा तर्क टिकत नाही. आणि फोन तोवर त्यांच्याच हाती होते असं मानायला जागा आहे. पुढे दोघींचे अवशेष मिळाले, डीएनएने ओळख पटली, पण मृत्यू नेमका कशाने आला हे ठरवता आलं नाही. 4:39 ही वेळही ते सांगत नाही. पण शोध घेणाऱ्याला ती एक पक्की मेख ठोकून देते, जिच्याभोवती दोरी धरून फिरता येतं. 509 ला दोरी बांधायला काहीच नाही. तरी आपलं मन तिकडेच ओढ घेतं.

आज मला जे म्हणायचं आहे ते याच ओढीबद्दल आहे. हौशी लोकांनी या कामात पडू नये असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातली नाही. हौशी माणसांनी खरोखर माणसं शोधून दिली आहेत. पण ज्या ज्या वेळी दिली, त्या वेळी त्यांचा प्रश्न ‘कुठे आहे?’ किंवा ‘ही व्यक्ती कोण?’ असा होता. जिथे प्रश्न ‘कोणी केलं?’ असा झाला, तिथे आपण जवळजवळ दर वेळी कुणाचं तरी आयुष्य नासवलं.

डेथ व्हॅलीचं उदाहरण घेते. ते मला फार शिकवून गेलं. 1996 च्या जुलैत चार जर्मन पर्यटक, दोन मोठे आणि दोन मुलं, कॅलिफोर्नियाच्या त्या वाळवंटात नाहीसे झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांची भाड्याची गाडी अ‍ॅन्व्हिल कॅन्यनमध्ये सापडली, तीन टायर बसलेली. मोठी शोधमोहीम झाली. गाडीपासून काही अंतरावर एका झुडपाखाली बिअरची बाटली मिळाली, बाकी काही नाही. प्रकरण थंड पडलं.

मग बऱ्याच वर्षांनी टॉम महूद नावाच्या एका निवृत्त अभियंत्याने ते हाती घेतलं. ते स्वयंसेवी बचावपथकात काम करणारे गृहस्थ. त्यांनी केलं काय, तर नकाशा त्या कुटुंबाच्या डोळ्यांनी वाचला. गाडी बंद पडली आहे, जुलैचं ऊन आहे, मुलं बरोबर आहेत, पाणी संपत आलं आहे. जायचं कुठे? दक्षिणेला नकाशावर चायना लेक हा लष्करी तळ दाखवलेला आहे. तिथल्या माणसाला ठाऊक असतं की त्या हद्दीवर काहीच नाही, नुसतं आणखी वाळवंट. म्हणून त्या दिशेला कुणी फारसं शोधलंच नव्हतं; तिकडे कोण कशाला जाईल? पण युरोपातून आलेल्या माणसाच्या मनात ‘लष्करी तळ’ म्हटलं की कुंपण येतं, पहारा येतो, गस्त घालणारा शिपाई येतो. म्हणजे मदत. महूद आणि त्यांचे सहकारी दक्षिणेकडे चालत गेले, आणि नोव्हेंबर 2009 मध्ये त्यांना अवशेष मिळाले, कागदपत्रं मिळाली. तेरा वर्षांनी.

इथे कुणावर आरोप नाही. कुणाच्या चेहऱ्याचं विश्लेषण नाही. एक कयास आहे, आणि तो खरा की खोटा हे पायाने चालून ठरवता येतं. चुकला असता तर काय गेलं असतं? दोन माणसांची पायपीट. मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. ‘कुठे’चं उत्तर चुकलं तर आपला वेळ जातो. ‘कोणी’चं उत्तर चुकलं तर ते तपासायला आपल्या हाती काहीच नसतं, आणि किंमत तिसराच मोजतो.

2013 च्या एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर हेच झालं. संशयितांची धूसर छायाचित्रं बाहेर आली आणि लोकांनी ती महिनाभर बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याशी जुळवली. त्याला शोधण्यासाठी घरच्यांनी फेसबुकवर जे पान उघडलं होतं, त्याच पानावर शिव्याशाप येऊन पडले. काही दिवसांनी त्याचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या सेसिल हॉटेलमधून एक कॅनेडियन विद्यार्थिनी बेपत्ता झाली. पोलिसांनी लिफ्टमधला व्हिडिओ प्रसिद्ध केला, आणि पुढे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत ती मृतावस्थेत सापडली. बातमी पसरली की टाकीचं झाकण बंद होतं. आता आतून कुणी झाकण कसं लावेल? त्या एका वाक्यावर खुनाचा अख्खा इमला उभा राहिला. ज्या कर्मचाऱ्याने तिला पाहिलं, त्याने पुढे न्यायालयीन जबानीत सांगितलं की झाकण उघडं होतं. तपासाअंती मृत्यू अपघाती ठरला. पण तोवर एका मेक्सिकन संगीतकाराला लोकांनी खुनी ठरवून मोकळं केलं होतं. का, तर त्याने त्याच हॉटेलातून व्हिडिओ टाकला होता. तो तिथे राहिला होता एक वर्ष आधी.

‘झाकण बंद होतं’ हे वाक्य कुणी पाहून सांगितलं होतं, की ऐकून? एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं.

आपल्या भाषेबद्दल इथे जरा थांबून बोलायचं आहे, कारण पुराव्याची पहिली मोडतोड भाषेतच होते. 2023 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये लँकशायर परगण्यातल्या वायर नदीच्या काठावरून एक महिला नाहीशी झाली. कुत्र्याला फिरवायला गेली होती. तिचा फोन नदीकाठच्या बाकावर होता, त्यावर ऑफिसची मीटिंग अजून चालूच होती. आता आपण मराठीत हे कसं सांगू? ‘फोन बाकावर होता.’ हे पाहिलेलं. ‘फोन बाकावर ठेवला होता.’ इथे ठेवणारा हात आला. ‘फोन बाकावर ठेवून दिला होता.’ आता त्या हाताला हेतू आला. ‘फोन बाकावर मांडून ठेवला होता.’ झालं, बनाव सिद्ध! चार वाक्यं, वस्तुस्थिती तीच, आणि एकाही पायरीवर नवा पुरावा आलेला नाही. चर्चा भाषांतर होत होत, स्क्रीनशॉट होत होत फिरते तेव्हा ही क्रियापदं अशीच फुगत जातात. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला फक्त आपलं वाक्य जरा सफाईदार करायचं असतं.

तिथे पुढे काय झालं ते ठाऊक आहेच. लोक गावात कॅमेरे घेऊन पोहोचले, पोलिसांना त्यांना पांगवावं लागलं, तिच्या जवळच्या माणसांकडे बोटं दाखवली गेली. ‘नदी शोधून झाली, ती नदीत नाही’ हे वाक्य तर घराघरात पोहोचलं. 19 फेब्रुवारीला ती त्याच नदीत, सुमारे मैलभर खाली मिळाली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने जूनमध्ये अपघाती बुडून मृत्यू असा निष्कर्ष दिला.

‘शोधून झालं’ म्हणजे ‘तिथे नाही’ असा अर्थ नसतो. शोधशास्त्रात हा पहिला धडा आहे. एखादी जागा शोधल्यावर तिथे ते असण्याची शक्यता कमी होते, शून्य होत नाही. किती कमी होते ते शोध कसा घेतला यावर अवलंबून. पाणी किती गढूळ होतं, झाडी किती दाट होती, कितव्या दिवशी गेलात. एअर फ्रान्सचं 447 क्रमांकाचं विमान 1 जून 2009 ला अटलांटिकमध्ये पडलं. त्यावरच्या ध्वनिसंकेत देणाऱ्या यंत्रांचा आवाज एका भागात ऐकू आला नाही, म्हणून तो भाग जवळपास निकालात निघाला होता. दोन वर्षांनी गणितज्ञांनी पुन्हा आकडेमोड केली आणि विचारलं, दोन्ही यंत्रंच बंद पडली असतील तर? तोच भाग पुन्हा वर आला. एप्रिल 2011 मध्ये अवशेष तिथेच मिळाले. बेपत्ता माणसाच्या चर्चेत कुणी ‘तो भाग झाला’ असं लिहिलं की मी आता एवढंच विचारते: कुणी, कधी, कशाने?

आता माझी स्वतःची एक गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे सगळं सांगण्याचा मला अधिकार नाही. काही वर्षांपूर्वी एका बेपत्ता मुलाचा शेवटचा फोटो चर्चेत होता. मित्राने काढलेला. फोटोत एका खांबाची सावली होती. मी बसून सूर्याची उंची काढली, खांबाच्या उंचीचा अंदाज घेतला, सावलीची लांबी मोजली आणि माझी वेळ फाइलमधल्या वेळेपेक्षा बरोबर एका तासाने वेगळी आली. मी लिहिलं, ‘फोटोची वेळ जुळत नाही.’ एवढंच. पण त्या देशात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी पुढे केलेलं नव्हतं. हे दुसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने दाखवून दिलं. तोवर लोक विचारत होते, तो ‘लपवलेला तास’ मित्र कुठे होता? मी दुरुस्ती टाकली. ती मूळ वाक्याच्या मागे धावत राहिली, गाठू शकली नाही. त्या मित्राने आपली सगळी खाती बंद केली. त्याला मी कधी भेटले नाही. माझं गणित बरोबर होतं, आणि तरी मी त्याच्याशी जे केलं ते चूकच होतं.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे एक शब्द असतो: पाहिलं, मोजलं किंवा ऐकलं. आणि जे एखाद्या जिवंत माणसाकडे बोट दाखवतं, ते मी कुठेही लिहीत नाही, थेट तपास अधिकाऱ्याला कळवते. उत्तर येत नाही बहुतेक वेळा. यावं अशी अपेक्षाही नको. पोलीस काही तपशील मुद्दाम राखून ठेवतात, जे फक्त घटनेशी संबंधित माणसालाच ठाऊक असतील असे. म्हणजे आपल्यासमोरची फाइल अर्धी आहे हे गृहीत धरूनच बसायचं.

धीर धरून केलेल्या कामाचं फळ कसं असतं? फ्लोरिडात 1997 मध्ये एक गृहस्थ घरी येता येता नाहीसे झाले. 2019 मध्ये त्या भागात पूर्वी राहिलेल्या कुणीतरी उपग्रहाचा नकाशा चाळताना तळ्यात गाडीसारखं काहीतरी पाहिलं. गाडीच होती, आणि ते आत होते. ते चित्र 2007 पासून जगासमोर होतं.

आणि केंटकीतली ती मुलगी. मे 1968 मध्ये रस्त्याकडेला तंबूच्या जाड कापडात गुंडाळलेला एक मृतदेह मिळाला. वय सोळा ते एकोणीस असावं असा अंदाज झाला. नाव कळलं नाही, म्हणून तिला ‘तंबूतली मुलगी’ म्हणू लागले. टेनेसीतल्या एका कारखान्यातले कामगार टॉड मॅथ्यूज यांच्या सासऱ्यांना तो मृतदेह दिसला होता. जावयाने ती गोष्ट ऐकली आणि तिने त्यांची पाठ सोडली नाही. जवळपास दहा वर्षं कामावरून घरी आल्यावर ते तिचं नाव शोधत राहिले. 1998 च्या जानेवारीत त्यांना एका बहिणीने लिहिलेला मजकूर दिसला: माझी बहीण 1967 च्या शेवटी त्याच भागातून नाहीशी झाली. ती चोवीस वर्षांची होती. ‘सोळा ते एकोणीस’ हा आकडा दगडावरची रेघ मानला असता तर हे दोन कागद कधीच शेजारी आले नसते. मॅथ्यूजनी तो अंदाज अंदाजच मानला. डीएनए तपासणी झाली आणि बहीण जुळली.

तिच्या थडग्यावर अंदाजाने काढलेला तिचा चेहरा आणि ‘तंबूतली मुलगी’ ही अक्षरं कोरलेली होती. घरच्यांनी तो दगड हलवला नाही. त्याच्या खाली तिचं नाव बसवलं.