डोक्यातली नक्षी मागापर्यंत कशी पोचते

नमस्कार श्रोते हो. आज मी कापडाबद्दल बोलणार आहे आणि तेही रेडिओवर, म्हणजे तुम्हाला ना रंग दाखवता येणार ना नक्षी, पण खरं सांगू का, टेक्स्टाइल डिझायनरचं रोजचं काम जवळपास असंच असतंय. डोक्यात अख्खा पदर तयार असतो, रंगासकट, पण विणणार दुसराच कुणीतरी, सूत रंगवणार तिसरा, विकणार चौथा, आणि या सगळ्यांना तो पदर मागावर चढायच्या आधीच समजला पायजे.

लोकांना वाटतं डिझायनर म्हणजे चित्र काढणारा माणूस. चित्र काढावं लागतंच हो, पण विणकराला नुसत्या चित्राचा उपयोग लई कमी, त्याला पायजे धाग्यांचा हिशोब. म्हणून ग्राफ पेपर आला. त्यात उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, मागावर लांबीत ताणलेला, आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, त्यातून आडवा विणलेला, चौकोन भरला की तिथं रंग वर दिसणार. सोपं वाटतंय ना? आता बघा, समजा ताण्यात एका इंचात ६० धागे आहेत आणि बाण्याचे ४०च बसतात, आणि तुम्ही कागदावर ६० बाय ६० चौकोनात छान गोल फूल काढलं, तर कापडावर ते रुंदीला एक इंच आणि उंचीला दीड इंच होणार, गोल फूल लांबुळकं. फूल गोलच पायजे असेल तर ६० बाय ४० चौकोनात काढायचं, कागदावर ते चपटं दिसलं तरी चालेल. हे ज्या डिझायनरला कळत नाही त्याच्या कागदावर विणकर विश्वास ठेवत नाहीत, आणि मला वाटतं ते बरोबरच करतात.

आपल्या संभाजीनगरचं हिमरू घ्या. सुती ताणा, रेशमी बाणा. जुन्या पद्धतीत नक्षी कागदावर थांबायचीच नाही, ती दोऱ्यांत बांधली जायची, त्याला जाळा म्हणतात. कुठल्या ओळीला ताण्याचे कुठले धागे उचलायचे ते त्या जाळ्यात गाठींनी पक्कं केलेलं असायचं, मागावर एक जण बसून दोऱ्या ओढायचा आणि खाली विणकर धोटा टाकायचा. म्हणजे डिझायनरचं सगळं म्हणणं दोऱ्यात बांधून ठेवलेलं, तो स्वतः तिथं नसला तरी चालतंय. पुढं फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास जोसेफ मारी जॅकार्डनं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांचा माग आणला, भोक असलं की धागा उचलायचा, नसलं की नाही, आणि बाण्याच्या प्रत्येक ओळीला एक पुठ्ठा. ४०० ओळींची नक्षी असली की ४०० पुठ्ठे. आता कॉम्प्युटरवर होतंय ते सगळं, पण सांगायची गोष्ट तीच, कुठला धागा वर आणि कुठला खाली.

मला सगळ्यात भारी वाटते ती काश्मीरची पद्धत. तिथं कानी शालीची आणि गालिच्याची नक्षी चिन्हांच्या लिपीत लिहितात, तिला तालीम म्हणतात, आणि ती मोठ्यानं वाचूनही दाखवतात, या रंगाचे इतके धागे, मग त्या रंगाचे इतके, आणि ते ऐकत ऐकत विणकरांचे हात चालतात. चित्र समोर नसतंय. अख्खी नक्षी नुसती आवाजातून पोचते, रेडिओवर बोलताना मला हे आठवल्याशिवाय कसं राहील!

पैठणीचं वेगळंय. पैठणला हातमागावर पदर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते, नक्षीत जिथं तो रंग संपतो तिथं ती कांडी वळवायची आणि शेजारच्या रंगात अडकवायची, म्हणून मागची बाजूही पुढच्यासारखीच साफ दिसते. इथं पुठ्ठा नाही, जाळा नाही, मोराची मान किती वळवायची हे शेवटी विणकराच्या बोटात असतं. अशा ठिकाणी डिझायनरनं नुसता कागद धाडून गप बसणं मला पटत नाही. मागाजवळ बसायला लागतं, आणि "ताई, इथं एवढी बारीक रेघ उठणार नाही, दोन धागे वाढवा" असं विणकर म्हणाला की ते ऐकायला लागतं. तो तुमच्या नक्षीत दोष काढत नसतो, धाग्याची भाषा तुम्हाला सांगत असतो.

याच्या अगदी उलट उदाहरणही मराठवाड्यातच आहे, नांदेडला. तिथं खादीचा राष्ट्रध्वज तयार होतो. त्याचं कापड, रंग, मापं, सगळं भारतीय मानकात लिहून ठेवलंय, लांबी-रुंदी ३:२, चक्राला २४ आरे, ठरलेले ९ आकार. तिथं कुणी म्हणू शकत नाही की मला केशरी थोडा हलका वाटला. आणि तसंच पायजे, कारण झेंडा कुठंही फडकला तरी सारखाच दिसायला हवा.

राहिला रंग, आणि सगळ्यात जास्त भांडणं इथंच होतात. तुम्ही म्हणता मोरपंखी, रंगाऱ्याच्या डोळ्यासमोर दुसराच मोर. मोबाइलवरचा फोटो तर अजिबात धरू नका, प्रत्येक स्क्रीन वेगळी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे दिसू शकतात, आणि रेशमावरचा रंग सुतावर तसाच दिसत नाही. म्हणून मिलवाले आधी छोटा तुकडा रंगवून मागवतात, त्याला लॅब डिप म्हणतात, तो पास झाला तरच पुढचा माल.

तुमच्यापैकी कुणी लग्नासाठी पैठणी विणून घ्यायलेत का? तर रंग नावानं सांगू नका, धागा नाहीतर कापडाचा तुकडा घेऊन जा आणि दिवसाउजेडी दाखवा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछांव येते, म्हणजे कापड हललं की रंग बदलता दिसतो, ती हवी का नको ते आधीच बोला. काठाचा वीतभर नमुना विणून मागा, त्याचे वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या, कारण त्यात विणकराचा वेळ जातो. आणि नमुना हातात आला की उलटून मागची बाजूसुद्धा बघा, मगच हो म्हणा. नमस्कार.