कल्याणहून निघालेली वाट

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत कल्याण येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

व्याख्यानाचं बोलावणं आलं तेव्हा फोनवर मला सांगितलं गेलं, "सर, आपल्या महाराष्ट्रातली बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं सांगा. सुट्टी तोंडावर आलीय, लोकांना उपयोग होईल." मी हो म्हटलं आणि वही घेऊन बसलो. अजिंठा लिहिलं, वेरूळ लिहिलं, रायगड, लोणार, सिंधुदुर्ग लिहिलं. मग पेन थांबलं. यातलं एकेक ठिकाण आयुष्यभर बघावं असं आहे, पण एकाखाली एक मांडली की ती एकमेकांपासून तुटतात. कोण कुठून आलं, कशासाठी आलं, काय घेऊन आलं, हे यादीत कुठेच दिसत नाही. आणि मला वाटतं, आपला मुलुख कळतो तो त्यातूनच.

म्हणून दहा ठिकाणं मी सांगणार नाही. एक वाट सांगतो. ती तुमच्या कल्याणातून निघते, नाणेघाट चढते, जुन्नरला जरा टेकते आणि पुढे पैठण, तेरपर्यंत जाते.

तुम्ही रोज लोकल पकडता ते हे गाव पहिल्या शतकात परदेशी खलाशांना ठाऊक होतं. त्या काळी ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणतात त्या वहीला. त्यात सोपारा आहे आणि 'कॅलिएना' म्हणून तुमचं कल्याणही आहे. तो लिहितो की पूर्वी इथे राजरोस व्यापार चाले, आता मात्र अडवणूक होते. एखादं ग्रीक जहाज इथे आलंच, तर त्याला पहाऱ्यात गुजरातेतल्या भडोच बंदरात नेतात. दोन राजसत्तांची बंदरावरून चाललेली ओढाताण आहे ती. पैठण आणि तगर या घाटावरच्या मोठ्या बाजारपेठाही तो सांगतो. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तगरहून कापड, मलमल गाड्यांवर लादून भडोचला जायचं, असं त्यानं लिहिलंय. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर.

सोपाऱ्याला गेला नसाल तर जाऊन या. नालासोपारा स्टेशनपासून रिक्षानं जाता येतं. तिथल्या टेकाडाला गावकरी 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकललं आणि आत स्तूप निघाला, अवशेषांचा करंडा निघाला. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यालाच सापडला. हे सगळं आपल्या लोकलच्या पासात बसणाऱ्या अंतरावर आहे.

आता घाट चढू.

माझं आजोळ मुरबाड तालुक्यातलं, टोकावड्याच्या बाजूचं. माझे आजोबा तरुणपणी मीठ आणि सुकी मासळी घेऊन नाणेघाटानं वर जुन्नरच्या बाजाराला जात. बैलाच्या पाठीवर गोणी, स्वतःच्या डोक्यावर पाटी. येताना बटाटे, गूळ, हरभरा. पौषात म्हशाची जत्रा भरली की घाटावरची माणसं घोंगड्या घेऊन त्याच वाटेनं खाली उतरत. आजोबांना सातवाहन हा शब्द माहीत नव्हता. पण घाटातलं कोणतं टाकं उन्हाळ्यातही आटत नाही, हे त्यांना पाठ होतं. मी नववीत होतो तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा वर नेलं. माथ्याजवळच्या गुहेत बसून आम्ही भाकरी खाल्ली. भिंतीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे कोणीतरी लिहिलंय बघ. काय लिहिलंय ते तू शिक आणि मला सांग." मी ते शिकलो खरा, पण बऱ्याच उशिरा. तोवर सांगायला ते राहिले नव्हते.

काय लिहिलंय तिथे? गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, एक लांबलचक लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. तो सातवाहन राणी नागनिकेच्या नावानं ओळखला जातो. ती श्री सातकर्णीची राणी. सुरुवातीला धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन आहे. पुढे कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा किती दिली, याचा हिशेब आहे: गाई, घोडे, हत्ती, गावं आणि कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी. हा हिशेब आकड्यांत मांडलाय. आकड्यांची चिन्हं वापरलेल्या आपल्या देशातल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी हा एक. त्यात शून्य नाही. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी खूण आहे. एका राणीचा लेख, आणि तो राजवाड्यात किंवा देवळात न कोरता घाटात, येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला दिसेल असा कोरला! आजच्या महामार्गावरच्या फलकांची ही पणजी समजा.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज फक्त पावलांच्या खुणा उरल्यात. पण वर नावं आहेत: राया सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी, कुमार भायल, आणि 'महारठि त्रनकयिरो'. महारठि! हा शब्द तिथे वाचताना माझ्या अंगावर दर वेळी काटा येतो. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा मला आधी ती भिंत आठवली.

तुम्हाला आत्ताच तीन अक्षरं शिकवतो, घरी जाईपर्यंत विसरायची नाहीत. ब्राह्मीतला 'क' म्हणजे बेरजेची खूण. 'ठ' म्हणजे पूर्ण गोल. 'ग' म्हणजे घराचं उतरतं छप्पर, दोन तिरक्या रेघा वर जुळलेल्या. एवढी शिदोरी घेऊन गुहेत उभे राहा, तिरप्या उन्हात बघा. आधी नुसते ओरखडे दिसतात. मग एक 'क' सापडतो, शेजारी दुसरा. मी शाळेच्या मुलांना नेत असे तेव्हा त्यांच्यात 'क' शोधायची चढाओढ लागायची, आणि मग तासभर कोणी भिंतीपासून हलायचं नाही.

एक विनंती मात्र हात जोडून करतो. अक्षरं फोटोत उठून दिसावीत म्हणून त्यात खडू भरू नका, हात फिरवू नका. त्या भिंतीवर आपल्या काळातल्या माणसांची नावंही कोरलेली आहेत, आणि ती बघून मला खरोखर रडू आलंय. काही वर्षांपूर्वी मी एका सहलीच्या बसबरोबर गेलो होतो. नाणेघाटाला वीस मिनिटं दिली होती. त्यातली पंधरा कड्यावरच्या उलट्या धबधब्याच्या फोटोत गेली. तो धबधबा सुरेख आहे, खालून येणारा वारा पाण्याला वर उचलतो, जरूर बघा. पण गुहेत बसमधली तीनच माणसं डोकावली. मी सहल नेणाऱ्यांना म्हटलं, अजून अर्धा तास द्या. ते म्हणाले, पुढचा पॉइंट चुकेल. या 'पॉइंट' शब्दानं आपलं फार नुकसान केलंय.

घाटाच्या तोंडाशी दगडात घडवलेला एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकत म्हणून नाणेघाट, असं लोक सांगतात. उन्हाळ्यातही त्याच्या कडेवर सकाळी हात ठेवला तर दगड गार लागतो.

जायचं कसं? कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी धरा, वैशाखरे सोडलं की नाणेघाटाच्या पायवाटेपाशी उतरा. दोन-अडीच तासांची चढण आहे, बरीचशी जुन्या फरसबंदीची. वाटेत टाकी आहेत. घसरडं नको असेल तर हिवाळ्यात जा. वर घाटघर गाव आहे, तिथून जुन्नर गाठता येतं. गाडीनं थेट माथ्यावरही पोहोचता येतं, पण शक्य असेल त्यानं एकदा तरी खालून चढावं. गुडघ्यांना घाट कळला की वरच्या टाक्याचं मोल कळतं.

जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत: मानमोडी, तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री. लेण्याद्रीला तुम्ही गेलाच असाल, अष्टविनायकातला गिरिजात्मज म्हणून. गणपतीचं दर्शन झालं की आपण पायऱ्या उतरायला लागतो. उतरू नका. तो गणपती ज्यात बसलाय ते मुळात बौद्ध भिक्खूंचं लेणं, आणि त्याला लागूनच चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं प्रार्थनागृह, आहे. त्यावर दान देणाऱ्याचं नाव कोरलंय. कोण तो? कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त.

मंडळी, तुमच्या गावचा माणूस आहे तो. हेरणिक म्हणजे सोन्या-नाण्याचा व्यवहार बघणारा. कल्याणहून जुन्नरला जायला नाणेघाट हीच जवळची वाट. इथला माणूस घाट चढून गेला, वर आपल्या पैशानं चैत्यगृह कोरवलं, आणि गावाचं नाव आवर्जून लिहायला लावलं. मुंबईला कमावून गावच्या देवळाच्या पायरीवर नाव घालणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. सुलसदत्तानं ते परमुलखात केलं.

आणि तो एकटा नाही. शिवनेरीच्या पोटातल्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या माणसानं, पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे त्यांच्या संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. 'पोढी' हा त्या लेखांतलाच शब्द, टाक्यासाठीचा. एका लेखात वसकारांकडे, म्हणजे बुरुडांच्या श्रेणीकडे, आणि कासारांच्या श्रेणीकडे ठेवीची व्यवस्था आहे. टोपल्या विणणाऱ्यांची श्रेणी पेढीचं काम करत होती आणि तिच्यावर लोकांचा भरवसा होता. मी इतिहास शिकवला तो बहुतेक राजांचा. निवृत्तीनंतर या भिंती वाचल्या आणि वाटलं, पहिला धडा बुरुड-कासारांपासून सुरू करायला हवा होता.

शिवनेरीवर आपण जातो ते 19 फेब्रुवारी 1630 च्या शिवजन्मासाठी, आणि जायलाच हवं. पाळणा बघितल्यावर तटावर या आणि पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. त्या अंगाला चावंड, हडसर, जीवधन. जीवधन तर नाणेघाटाच्या उरावरच आहे. हे किल्ले त्या वाटेचे राखणदार आहेत. 2025 च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात शिवनेरी आहे. अकरा आपल्याकडचे आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंदाची गोष्ट आहे, मी त्या दिवशी पेढे वाटले. पण किल्ला कशावर नजर ठेवून आहे ते बघितल्याशिवाय किल्ला बघितला असं मी तरी म्हणणार नाही.

पैठणला मी आज फार थांबत नाही. सातवाहनांची राजधानी, नाथांचं गाव, पैठणीचं गाव. त्यावर एक स्वतंत्र संध्याकाळ हवी. तिथून वाट तेरला जाते, आणि तेरबद्दल मात्र बोलायचंय, कारण पंढरपूरला जाणारी माणसंसुद्धा तेरला वळत नाहीत.

तेरणेच्या काठचं हे गाव. वारकऱ्यांना ठाऊक आहे गोरोबाकाकांसाठी. त्यांची समाधी तिथे आहे. आधी तिथे माथा टेका. मग त्रिविक्रमाच्या देवळाकडे जा. पाठीमागून बघा: गाभाऱ्याचं देऊळ न वाटता ते पाठ गोल केलेल्या हत्तीसारखं दिसतं. कारण मूळचं ते विटांनी बांधलेलं चैत्यगृह आहे. कार्ल्याला, लेण्याद्रीला डोंगर पोखरून जो आकार केला, तोच इथे विटेत उभा आहे. कुंभाराच्या गावात विटेचं चैत्यगृह!

गावात पुराणवस्तुसंग्रहालय आहे, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं. लामतुरे तेरचेच. शेतात, नदीकाठी, पावसानं धुपलेल्या टेकाडांवर जे जे सापडे ते त्यांनी वर्षानुवर्षं जमवलं: मणी, नाणी, खापरं, भाजक्या मातीच्या मूर्ती, हजारो वस्तू. लोकांना ज्या मातीतून फक्त खडे दिसत, त्या मातीतून त्यांनी एक नगर वेचून काढलं. आपल्याकडे अशा माणसांचे पुतळे उभारले जात नाहीत, पण माझ्या मनात त्यांची जागा फार वरची आहे.

तिथे काचेमागे हस्तिदंताची एक बाहुली आहे. हाताच्या पंजात मावेल एवढी, अंगावर दागिने, उभी. तिच्या जातीचीच दुसरी बाहुली इटलीत पाँपेईला सापडली, ज्वालामुखीच्या राखेखाली. इसवी सन 79 मध्ये ते शहर गाडलं गेलं, म्हणजे त्याआधीच ती समुद्र ओलांडून तिथे पोहोचली होती. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

मी त्या काचेसमोर बराच वेळ उभा होतो. बंदर, जहाज, रोम हे सगळं नंतर सुचलं. आधी डोळ्यांपुढे आली ती घाटाची चढण, बैलाच्या पाठीवरची गोणी आणि मागून काठी टेकत चालणारा एक माणूस, ज्याला पुढचं टाकं कुठे आहे ते नेमकं माहीत आहे.