फाईल नंतर, आधी पाहिलेलं सांगा

(कोल्हापुरात ज्येष्ठ नागरिकांपुढे एका मेंदूविकारतज्ज्ञानं केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे येणारी माणसं खुर्चीत बसायच्या आधी टेबलावर फाईल ठेवतात. एमआरआयची मोठी पिशवी, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, तीन-चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मी विचारतो, "नेमकं काय झालं?" उत्तर येतं, "सगळं फाईलमध्ये हाय की डॉक्टर." फाईलमध्ये सगळं नसतं. मेंदूच्या बऱ्याच आजारांत एमआरआय नॉर्मल येतो, आणि निदान होतं ते घरच्या माणसानं काय पाहिलं त्यावरून. त्यामुळे आज आजारांची यादी वाचत नाही. काय बघायचं, तेवढं सांगतो.

फिटपासून सुरू करू. बारावीतली एक मुलगी होती. पहाटे फिट यायची, जीभ चावली जायची. एमआरआय नॉर्मल. औषध चालू होतं, तरी फिट थांबत नव्हत्या. मी आईला विचारलं, सकाळी उठल्यावर हिचे हात दचकल्यासारखे होतात का? आई म्हणाली, "दचकत नाही ओ, पण वेंधळी हाय. चहाची कपबशी हातातनं उडती. कंगवा लांब जाऊन पडतोय. किती बोलणी खाल्ली तिनं त्यावरनं!" निदान तिथंच झालं. किशोरवयात सुरू होणारा हा अपस्माराचा, म्हणजे फिटच्या आजाराचा, एक प्रकार आहे. झोपेतून उठल्यावर खांदे आणि हात झटकतात, आणि जागरणानं ते वाढतं. बारावीचं वर्ष म्हणजे जागरण आलंच. फिटसाठी नेहमी दिलं जाणारं कार्बामाझेपिन हे औषध या प्रकारात झटके उलट वाढवू शकतं, आणि तिला नेमकं तेच चालू होतं. या प्रकारात व्हॅल्प्रोएट चांगलं काम करतं, पण गर्भावर त्याचे वाईट परिणाम होतात, म्हणून मुलींना आम्ही शक्यतो दुसरं देतो. तिला तसं दुसरं दिलं. कपबश्या फुटायच्या थांबल्या.

म्हणून फिट आली की एकानं रुग्णाला कुशीवर वळवावं, आसपासच्या टणक वस्तू बाजूला कराव्यात आणि घड्याळ बघावं. दुसऱ्यानं मोबाईलवर व्हिडिओ काढावा. लाज वाटायचं कारण नाही. तो व्हिडिओ मला कधी कधी ईईजीपेक्षा जास्त सांगतो. डोळे उघडे होते की मिटलेले? मान कुठल्या बाजूला वळली? आधी कुठला हात उडायला लागला? चक्कर येऊन पडलेला माणूस पांढराफटक पडतो आणि आडवा झाला की थोड्या वेळात भानावर येतो. फिट येऊन गेलेला माणूस नंतर बराच वेळ गोंधळलेला असतो, घरच्यांनाही ओळखत नाही. कांदा हुंगवणं, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं हे सगळं बंद करा. चमच्यानं दात पडलेली माणसं मी पाहिली आहेत. पाच मिनिटांत फिट थांबली नाही, तर थेट दवाखाना.

आणि एक गोष्ट, इथं मुलाबाळांची लग्नं जमवणारी मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. १९९९ साली हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख काढून टाकला. तरी लपवाछपवी काही थांबत नाही. सासरी कळू नये म्हणून लग्नाच्या आठवड्यात गोळी बंद करतात, त्यात हळद-वरातीची जागरणं, आणि मग फिट येते ती भर मांडवात. गोळी चुकवून तुम्ही नेमकं तेच घडवून आणता.

आता लकवा. आपल्याकडे म्हणतात, "अंगावरनं वारं गेलं." मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा वाहिनी फुटते. दोन्हींची लक्षणं बाहेरून सारखी दिसतात. फरक कळतो सिटी स्कॅनमध्ये. गुठळी असेल, तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी गुठळी तार घालून काढायची सोय काही ठिकाणी असते आणि निवडक रुग्णांत ते चोवीस तासांपर्यंतही करता येतं. पण जितका उशीर, तितका फायदा कमी. एका मोठ्या रक्तवाहिनीच्या लकव्यात मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला.

हे साडेचार तास कधीपासून मोजायचे? तुम्हाला कळलं तेव्हापासून नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून. "सकाळी उठले तर हात हलत नव्हता" म्हणालात, तर मी रात्री झोपल्यापासून मोजणार, म्हणजे वेळ संपलेली. पण आजी म्हणाल्या, "पाच वाजता लघवीला उठले होते, लाईट लावली, माझ्याशी नीट बोलले," तर घड्याळ पाचला सुरू होतं आणि इंजेक्शन देता येऊ शकतं. आजींचं ते एक वाक्य महागड्या तपासणीच्या तोडीचं आहे. गगनबावड्याहून इथं यायला दीड तास धरा. चंदगडकरांना बेळगाव जवळ पडतं. सिटी स्कॅन जिथं आहे तिथंच न्या, वाटेत चार दवाखाने करू नका. १०८ ला फोन करा. पाणी-चहा पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. आणि कबुतराच्या रक्तानं मालिश करणाऱ्यांविषयी मी काय बोलू? त्यात गेलेला दिवस परत मिळत नाही, एवढंच.

तोंड वाकडं झालं म्हणजे लकवाच, असं नाही. चेहऱ्याची एक नस सुजली तरी तोंड वाकडं होतं. त्यात कपाळाला आठ्या घालता येत नाहीत आणि त्या बाजूचा डोळा मिटत नाही. मेंदूतल्या लकव्यात बहुधा कपाळ शाबूत राहतं. पण हे घरी ठरवत बसू नका. नसेचा त्रास असला, तरी त्याच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू झालेल्या बऱ्या.

कंपवाताचं वर्णन जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली लंडनमध्ये केलं. रुग्ण सहा, आणि त्यातले काही तर त्यांना रस्त्यात दिसलेले! स्कॅन तर सोडाच, स्टेथोस्कोपसुद्धा नुकताच निघाला होता. तुम्ही रंकाळ्यावर फिरायला जाता. चालताना एखाद्याचा एकच हात हलत नसेल, पावलं घासत पडत असतील, बँकेतली सही बारीक होत चालली असेल, वास येईनासा झाला असेल, तर दाखवून घ्या. हात थरथरलाच पाहिजे, असं नाही.

मधुमेह असलेल्यांसाठी थोडक्यात: पायातली चप्पल निसटलेली कळत नसेल, तर नसा गेल्यात समजा. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहून फोड आले आणि घरी येऊन सुनेनं दाखवले, असे लोक येतात. अंबाबाईला सकाळी लवकर जा, आणि घरी आलात की तळवे रोज बघा.

शेवटी एका काकांची चिठ्ठी आली आहे: "मला विसरायला होतं, हा डिमेन्शिया का?" काका, चिठ्ठी तुम्ही स्वतः लिहिलीत, हे बरं लक्षण आहे. एकट्यानं येऊन "मी विसरतो" म्हणणाऱ्याची मला फार काळजी वाटत नाही. मी विचारतो, "काल काय जेवलात?" आणि माणूस उत्तर द्यायच्या ऐवजी मान वळवून बायकोकडे बघतो, तेव्हा मी पेन खाली ठेवतो. तरी येऊन जा. बी-१२ आणि थायरॉईड तपासून या, त्यातली कमतरता भरून काढता येते. आणि येताना काकूंना घेऊन या. अर्धे प्रश्न मी त्यांनाच विचारणार आहे.