पांढऱ्या पेशींचा वाढलेला आकडा

श्रोतेहो, नमस्कार. रक्ततपासणीच्या अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा ठळक अक्षरांत छापलेला दिसला, की डॉक्टरांची भेट होईपर्यंत घरातल्या सगळ्यांच्याच जिवाला घोर लागतो. म्हणून आज मी या आकड्याविषयीच बोलणार आहे.

निरोगी प्रौढ माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारणपणे 4,000 ते 11,000 पांढऱ्या पेशी असतात. नवजात बाळात आणि गरोदरपणात त्या याहून जास्त असणे स्वाभाविक आहे. प्रसूतीच्या वेळी तर 20,000 च्या पुढचा आकडाही जंतुसंसर्गाविना आढळू शकतो.

प्रौढांमध्ये यांतील निम्म्याहून अधिक पेशी न्यूट्रोफिल जातीच्या असतात. न्यूमोनिया, अपेंडिक्सची सूज, गळू अशा जिवाणूंच्या आजारांत अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला मगज, त्या झपाट्याने रक्तात सोडतो. परंतु एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती अशी की रक्तवाहिन्यांतील न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ निम्म्या पेशी वाहत नसतात, वाहिन्यांच्या आतल्या भिंतीला चिकटून थांबलेल्या असतात, आणि तपासणीत त्या मोजल्या जात नाहीत. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या, धावपळ झाली किंवा मनाला जबर धक्का बसला, तर याच पेशी भिंतीपासून सुटून प्रवाहात येतात आणि कोणताही संसर्ग नसताना आकडा चढतो. नियमित धूम्रपान करणाऱ्यांचा आकडाही कायम थोडा वरच राहतो. म्हणूनच केवळ आकडा पाहून दुकानातून प्रतिजैविके आणणे मला अत्यंत चुकीचे वाटते.

खरा अर्थ कळतो तो कोणत्या जातीची पेशी वाढली, यावरून. इओसिनोफिल वाढल्या असतील तर ॲलर्जी किंवा पोटातले जंत हे नेहमीचे कारण असते. विदर्भातील श्रोत्यांनी मात्र आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी, कारण तेथील काही जिल्ह्यांत हत्तीरोग आजही आहे. डासांमार्फत पसरणाऱ्या या रोगाच्या जंतांविरुद्ध काही जणांचे शरीर अतितीव्र प्रतिक्रिया देते. त्यांना रात्री कोरडा खोकला येतो, छातीत घरघर होते, आणि इओसिनोफिलची संख्या 3,000 च्या वर जाते. हा दमाच समजून वर्षानुवर्षे पंप ओढत राहणारे रुग्ण असतात, याचे फार वाईट वाटते, कारण योग्य निदान झाले तर सुमारे 3 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांना आराम पडतो.

लिम्फोसाइट पेशी विषाणूंच्या आजारांत आणि डांग्या खोकल्यात वाढतात. उलट डेंग्यू आणि टायफॉइडमध्ये एकूण पांढऱ्या पेशी अनेकदा घटतात, म्हणून तापात आकडा वाढलेला नाही याचा अर्थ आजार साधा आहे, असा घेऊ नये.

आता मनातल्या भीतीविषयी. रक्ताचा कर्करोग हे आकडा वाढण्याचे विरळ कारण आहे. मात्र ताप उतरून काही आठवडे लोटले तरी आकडा चढताच राहिला, वजन घटू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, किंवा प्लीहा सुजल्यामुळे डाव्या बरगडीखाली जडपणा जाणवू लागला, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या प्रकारात आकडा लाखाच्या पुढे जातो, पण 2001 पासून इमॅटिनिब हे गोळीच्या रूपातील औषध उपलब्ध आहे, आणि ते नियमित घेणारे असंख्य रुग्ण आज आपली नोकरी आणि संसार सांभाळून आहेत.