रुमालाखालचा हात

(दृश्य: वाशी, एपीएमसीचा फळबाजार. पहाट. हापूसच्या पेट्या उतरताहेत.)

पेटी उघडते. गिऱ्हाईक एक आंबा उचलतो, देठाशी वास घेतो, परत ठेवतो. मग त्याच्या आणि गाळेवाल्याच्या हातांवर रुमाल पडतो. खाली भावाच्या खुणेसाठी बोटं दाबली जातात, सोडली जातात. चेहरे कोरे. एक मान हलते. सौदा झाला.

कायद्याला उघड लिलाव हवा, तरी मोसमात हा रुमाल निघतोच. शेजारच्याला भाव कळू नये म्हणून. म्हणजे लोभच की! पण इथे ना कागद, ना सही. उद्या कुणी ‘असं ठरलंच नव्हतं’ म्हणाला तर सिद्ध काय करणार? तरी शब्द सहसा फिरत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गाळ्यावर यायचं असतं, आणि शब्द फिरवणाऱ्याची बातमी ट्रकच्या आधी पोचते.

(दृश्य: कांदा-बटाटा बाजार. गोणी उचलणारी टोळी.)

इथे माथाडींची, म्हणजे ओझी वाहणाऱ्या हमालांची टोळी चालते. साताऱ्याकडून, जुन्नर-आंबेगावकडून आलेली माणसं. एक जण गोणीला आकडा लावतो, दोघं उचलून देतात, चौथ्याच्या पाठीवर ती बसते. मजुरी टोळीची; वाटणी हजेरीप्रमाणे. कुणी चार गोण्या जास्त वाहिल्या म्हणून त्याचा वेगळा हिशेब नाही. मात्र अंग चोरणाऱ्याला मुकादमाआधी टोळीच फैलावर घेते.

हे आपोआप घडलेलं नाही. या कामगाराला कायमचा मालक नव्हता, त्यामुळे हक्क मागायचा कुणाकडे, हाच प्रश्न होता. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केलं. १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरचा ठरावीक टक्का, माथाडी मंडळात भरतो, त्यातून भविष्य निर्वाह निधीसारखे लाभ मिळतात. व्यापाऱ्याच्या चांगुलपणावर काहीही सोडलेलं नाही, हे या कायद्याचं शहाणपण. त्याच कायद्याच्या नावानं खंडणी उकळणारे बोगस माथाडीही पुढे निघाले, हेही खरं.

वाटणीचा हा प्रश्न वाशीपुरता नाही. मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिक आणि सहकाऱ्यांनी जगातल्या १५ छोट्या समाजांत एक खेळ खेळवला. एकाच्या हाती रक्कम. त्यातला वाटा दुसऱ्याला देऊ करायचा. त्यानं नाकारला तर दोघंही रिकाम्या हाती. पेरूतल्या माचिगेंगांनी सरासरी चौथा हिस्सा देऊ केला. इंडोनेशियातल्या लामालेराच्या लोकांनी निम्म्याहून जास्त. ते देवमाशाची शिकार करतात, आणि देवमासा एकट्याच्या आवाक्यातला नाही. शिवाय जिथे बाजाराशी व्यवहार जास्त, तिथे देऊ केलेला वाटाही साधारण मोठा निघाला. बाजार म्हटला की नाक मुरडणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पचायला जरा जड आहे.

मग तो रुमाल निर्दोष ठरतो का? नाही. त्याखालचे दोन हात एकमेकांशी प्रामाणिक आहेत. पण आंबा ज्याचा, तो तिसरा देवगडला आहे. त्याला भाव कळतो तो पट्टीवरून, म्हणजे बाजारातून आलेल्या हिशेबाच्या चिठ्ठीवरून. हमाली, तोलाई वजा जाऊन उरेल तो आकडा. दोघांचं इतकं छान जमतं, त्याची किंमत कधी कधी हा तिसरा मोजतो. माझ्या मते माणसाच्या लोभापेक्षा जास्त नजर इथे ठेवायला हवी.

(दृश्य: ठाणे, घोडबंदर रोड. सोसायटीचं गेट, टेम्पोतून पेट्या.)

काही बागायतदार आता थेट इथे येतात. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भाव उघड लिहिलेला असतो. निम्मे पैसे आगाऊ, तेही न पाहिलेल्या माणसाला. आणि पेटीत खाली चार आंबे डागी निघाले, तर फोटो त्याच ग्रुपवर पडतो, पुढच्या पेटीची ऑर्डर द्यायच्या आधी.