मेन का पडला?

(जळगावच्या एमआयडीसीत दालमिलवाल्यांच्या बैठकीत झालेलं बोलणं, थोडं आवरून)

तो पंखा जरा इकडे फिरवा भो. आज मला उन्हापासूनच सुरुवात करायचीय, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो आणि इलेक्ट्रिक पॅनल असतं पत्र्याखाली, तेही पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून.

एका मिलमधून दुपारी फोन आला, बठ्ठी म्हणजे अख्खी मिल बंद. गेलो तर गेटवरच ऑपरेटर, म्हणे मेन, म्हणजे सगळ्या मिलचा मुख्य ब्रेकर, तीनदा चढवला, तीनदा पडला. मी म्हटलं बाबा, खाली काय झालंय ते न बघता चढवलाच कशाला? फॉल्ट तसाच असताना मेन टाकला की प्रत्येक वेळी तोच करंट परत त्याच जागेवर जातो, केबलचंही हाल आणि ब्रेकरचंही.

मग सगळे फीडर, म्हणजे पॅनलमधून मशिनींना जाणाऱ्या लाइनी, पाडून एकेकीचं इन्सुलेशन मेगरने तपासलं. सापडलं काय, तर डाळ वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या १५ एचपी मोटरची केबल, ग्लँडपाशी, म्हणजे ती आत शिरते तिथे, घासून घासून सोललेली आणि बॉडीला टेकलेली. एवढीशी गोष्ट. मोटर फुल लोडला साधारण २१ अँपिअर घेते, मेन ८०० अँपिअरचा एसीबी, म्हणजे मोठा एअर ब्रेकर. आता सांगा, २१ अँपिअरच्या मोटरसाठी ८०० चा मेन का पडावा? तिच्याच फीडरचा एमसीबी, म्हणजे छोटा ब्रेकर, का नाही पडला?

तर त्या जागी आधी ३२ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी होता. उन्हाळ्यात तो सारखा पडायचा. एमसीबीचं थर्मल, म्हणजे गरम होऊन पाडणारा भाग, बहुतेक ३० डिग्रीवर जुळवलेलं असतं आणि पत्र्याखालच्या बंद पॅनलमध्ये ५५-६० सहज होतं, म्हणजे ३२ लिहिलेला एमसीबी ३२ च्या आधीच दमतो, त्यात टर्मिनल ढिलं असेल तर विचारूच नका. वायरमनने काय केलं, ढिला स्क्रू आवळायचा सोडून ६३ चा टाकला. पडणं थांबलं, मालक खूश, वायरमनला चहा.

आणि इथेच घात झाला. सी कर्व्ह झटक्यात पडतो तो स्वतःच्या ५ ते १० पट करंटवर. ३२ चा असता तर जास्तीत जास्त ३२० ला पडलाच असता. ६३ च्याला ६३० पर्यंत लागू शकतात. केबल बॉडीला टेकली तेव्हा धरा ४०० अँपिअर गेले, तर ६३ वाला आरामात गरम होत बसला, आणि वरच्या मेनची अर्थ फॉल्टची सेटिंग, म्हणजे करंट बॉडीतून जमिनीत जायला लागला की पाडणारी, २० टक्क्यांवर, म्हणजे १६० अँपिअरवर लावलेली, डिले शून्य. तो बिचारा प्रामाणिक, पडला.

म्हणजे चुका दोन होत्या. खालचा मोठा केला, आणि मेनला थांबायलाच सांगितलेलं नव्हतं. मेनच्या रिलीजवर, म्हणजे त्याला पाडणाऱ्या भागावर, वेळेची सेटिंग असते, तिथे ०.२ किंवा ०.३ सेकंद दिले की खालच्याला आधी पडायची संधी मिळते. याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. शब्द मोठा आहे, पण गल्लीतलं भांडण गल्लीतच मिटावं, कलेक्टरकडे जाऊ नये, एवढंच. फक्त ते आकडे अंदाजाने फिरवू नका, ट्रान्सफॉर्मर आणि केबल बघून काढून घ्या.

तुम्ही म्हणाल मेन पडला तर चढवू, पाच मिनिटांचं काम. पण चालू मिल एकदम थांबली की एलेव्हेटरच्या बकेटा भरलेल्या, डाळ खाली येऊन बूट, म्हणजे एलेव्हेटरचा तळ, चोकअप, ते हाताने उपसल्याशिवाय मोटर उचलत नाही. त्या दिवशी फॉल्ट अर्ध्या तासात काढला आणि बूट उपसायला संध्याकाळ झाली.

आणखी एक, स्वस्त ब्रेकर घेताना त्याच्यावरचा केए, म्हणजे शॉर्टचे किती हजार अँपिअर तो तोडू शकतो, ते बघत चला. ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, इम्पीडन्स, म्हणजे त्याचा आतला अडथळा, साडेचार टक्के धरला तर एलटीच्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या, टोकाला शॉर्ट झाल्यावर १५ हजार अँपिअरच्या आसपास जातात. ट्रान्सफॉर्मरजवळच्या पॅनलमध्ये १० केएचा एमसीबी बसवला असेल तर तो पडणार नाही, फुटेल.

आणि ढिल्या लगचं, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवतात त्या तुकड्याचं, काय सांगू. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, आज घट्ट आवळलेलं काही महिन्यांनी ढिलं होतं, आणि तांब्याच्या बसबारवर, म्हणजे पॅनलमधल्या करंट वाहणाऱ्या पट्टीवर, ॲल्युमिनियमचं लग थेट बसवलं तर आणखी वाईट, तिथे दोन्ही धातूंचं बायमेटल लग घ्या. करंट दुप्पट झाला की त्या जॉइंटवरची उष्णता चौपट होते. थर्मल कॅमेऱ्यावाला बोलावणार असाल तर फुल लोड चालू असतानाच बोलवा, रविवारी मिल बंद ठेवून फोटो काढून घेतलेत लोकांनी, काय दिसणार त्यात!

हां, मागचे भाऊ विचारताहेत, पॅनलचं दार उघडून टेबल फॅन लावला तर चालेल का. अर्ध्या खान्देशात हेच चाललंय, मला माहितीय. नका करू. डाळीची पावडर आत जाऊन बसबारवर बसते, पावसाळ्यात ती ओल धरते, मग बसबारवर चटचट सुरू, आणि उघड्या दारातून कोणाचा हात गेला तर संपलंच. फिल्टरवाला एग्झॉस्ट बसवा, फिल्टर दर आठवड्याला झटका. आणि जागा असेल तर पॅनल त्या पश्चिमेच्या भिंतीवरून हलवा, हे मी त्या मिलवाल्यालाही सांगितलंय, अजून तिथेच आहे.