वाळूचं बेट, प्रवाळाचं गाव आणि भरतीचं वेळापत्रक

नमस्कार श्रोतेहो.

आज आपण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वीन्सलंड राज्यात जाणार आहोत. सुट्टी लहान आहे, आठवडाभराची धरा. एवढ्यात तिथली वाळूची बेटं आणि प्रवाळाच्या शेजारची गावं कशी पाहायची, हा आजचा विषय.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. एक वाळूचं बेट, एक प्रवाळाचं गाव. बस्स. लहान सुट्टीत याहून जास्त बांधायचं नाही.

हे इतकं ठासून का सांगतो? तर ग्रेट बॅरिअर रीफ ही प्रवाळांची रांग सुमारे 2,300 किलोमीटर लांब आहे. नकाशावर बोट ठेवून माणसं म्हणतात, ब्रिस्बेनला उतरू, वाळूचं बेट करू, मग वर केर्न्सला जाऊन प्रवाळ पाहू. ब्रिस्बेन ते केर्न्स रस्त्याने सुमारे 1,700 किलोमीटर! सुट्टी गाडीतच संपायची. त्यापेक्षा दक्षिणेकडचा टापू धरा. ब्रिस्बेनपासून हर्वी बे साधारण 300 किलोमीटर. तिथून बंडाबर्ग दीड तास. तिथून पुढे आणखी दीड तासावर अ‍ॅग्नेस वॉटर आणि त्याला लागून '1770' नावाचं गाव. होय, गावाचं नाव एक साल आहे. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक 1770 च्या मे महिन्यात तिथे किनाऱ्याला लागला होता. या पट्ट्यात वाळूही आहे, प्रवाळही आहे, आणि मुक्काम दोनच ठिकाणी करावा लागतो.

मुक्कामावरून आठवलं. रोज नव्या हॉटेलात बॅग उघडायची आणि सकाळी पुन्हा कोंबायची, या प्रकाराच्या मी पूर्ण विरोधात आहे. माणूस एका जागी दोन रात्री झोपल्याशिवाय त्याला ती जागा कळत नाही. आणि चाकांच्या त्या प्रचंड सुटकेसा! वाळूवर चाकं चालत नाहीत. पाठीवरची एक मऊ पिशवी घ्या. पुढे विमानाचा विषय येईल तेव्हाही हे उपयोगी पडेल.

तर आता वाळूचं बेट. त्याचं नाव गरी. इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला के आहे, तो उच्चारत नाहीत. जुने नकाशे त्याला फ्रेझर आयलंड म्हणतात. बुचुल्ला या तिथल्या मूळ लोकांचं हे नाव 2023 मध्ये अधिकृतपणे परत आलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. लांबी 120 किलोमीटरहून अधिक. 1992 पासून जागतिक वारशाच्या यादीत.

वाळूचं बेट म्हटलं की डोळ्यांसमोर ओसाड माळ येतो. तसं मुळीच नाही. इथे वाळूवर घनदाट पर्जन्यवन उभं आहे, उंचच उंच झाडं आहेत. दक्षिणेकडच्या नद्यांनी समुद्रात आणून टाकलेली वाळू प्रवाहांनी लाखो वर्षं उत्तरेकडे वाहून आणली आणि इथे तिच्या टेकड्या रचल्या. त्या टेकड्यांत खळग्याखळग्यांतून गोड्या पाण्याची तळी आहेत. पालापाचोळा कुजून वाळूच्या कणांना चिकटतो, खाली एक घट्ट थर बसतो, आणि पावसाचं पाणी वरच अडतं. मॅकेन्झी तळं असंच आहे. त्याला ओढा येऊन मिळत नाही, त्यातून ओढा निघत नाही. नुसतं पावसाचं पाणी, आणि काठाला पांढरीशुभ्र वाळू. तिथे उतरताना अंगाला सनस्क्रीन चोपडलेलं नको. वाहतं पाणी नाही, त्यामुळे जे सोडाल ते तिथेच राहतं. उन्हासाठी लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला.

डिंगो, म्हणजे तिथले रानकुत्रे, बेटावर मोकळे फिरतात. त्यांना खायला घालायचं नाही, एकट्याने भटकायचं नाही, आणि मुलं हाताच्या अंतरावर. मुलं हाताच्या अंतरावर, हे पुन्हा सांगतो. आणि पूर्व किनाऱ्यावरच्या समुद्रात पोहायचं नाही. ओढ फार जबर आहे आणि शार्कही आहेत. पोहायला तळी आहेत, ईलाय क्रीकचं झुळझुळ वाहणारं गोडं पाणी आहे.

बेटावर डांबरी सडक नाही. पूर्वेची ती लांबलचक पुळण, सेव्हंटी फाइव्ह माइल बीच, हाच तिथला हमरस्ता. कायद्याने रस्ता. वेगमर्यादा ताशी 80 किलोमीटर. त्याच पुळणीवर लहान विमानंही उतरतात, आणि त्यांना वाट द्यावी लागते.

आता मी तुम्हाला जे सांगायला आलो आहे ते सांगतो.

आम्ही पर्यटकांच्या बसने गेलो होतो. बस म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बसवलेली, चारही चाकांना ताकद असलेली उंच गाडी. ड्रायव्हर साठीकडे झुकलेला, रापलेला, मोजकं बोलणारा गृहस्थ. मोजकं बोलणारे ड्रायव्हर मला फार आवडतात. माइक हातात घेऊन दिवसभर विनोद सांगणारा माणूस गाडीत असला की खिडकीबाहेरचं काही दिसत नाही. हा माणूस सकाळी निघताना एवढंच म्हणाला, "आज दुपारी भरती आहे. मी चला म्हटलं की चला."

माहेनो पाहून आम्ही परत फिरलो होतो. माहेनो म्हणजे पुळणीवर पडलेलं जहाज. 1905 चं. पहिल्या महायुद्धात इस्पितळ-जहाज म्हणून जखमी सैनिक आणलेलं. 1935 मध्ये भंगारात काढून जपानला ओढून नेत होते, वादळात दोर तुटला आणि ते इथे येऊन लागलं. आज नुसता गंजलेला सांगाडा उरला आहे, लाल-तपकिरी फासळ्या आणि त्यांतून जाणारं पाणी. आम्ही फोटो काढत रेंगाळलो होतो. ड्रायव्हरने घड्याळ पाहिलं आणि "चला" म्हणाला. आम्ही निघालो.

थोडं पुढे गेलो तर एक भाड्याची जीप रुतलेली. ओल्या, कडक वाळूवरून वर सुक्या वाळूत वळवली असणार, आणि तिथे ती बसली होती. बसलीच म्हणायचं, कारण चाकं अर्धी आत आणि पोट वाळूला टेकलेलं. शेजारी एक तरुण, त्याची बायको, दहा-एक वर्षांची मुलगी आणि एक आजी. तरुण आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय, चाकं जागच्या जागी गरगरतायत, वाळूचे फवारे उडतायत, आणि गाडी दर वेळी आणखी खाली. आणि समुद्र वर येतोय.

आमच्या ड्रायव्हरने बस कडक वाळूवर थांबवली. उतरला. धावला नाही, ओरडला नाही. आधी त्या तरुणाला इंजिन बंद करायला लावलं. आजींना हात धरून वरच्या कोरड्या जागी नेऊन बसवलं. मग पाण्याच्या कडेला गेला आणि बुटाच्या टाचेने वाळूत एक लांब रेघ ओढली. त्या मुलीला बोलावलं आणि म्हणाला, "पाणी या रेघेला लागलं की मला हाक मार. तुझं काम एवढंच. दुसरीकडे बघायचं नाही." ती मुलगी त्या रेघेपाशी उभी राहिली ती अशी की जणू सगळं बेट तिच्यावर सोपवलंय.

मग त्याने तरुणाला विचारलं, "टायरमध्ये हवा किती?" तरुणाने आकडा सांगितला. हमरस्त्यावर भरतात तेवढी! ड्रायव्हर काही बोलला नाही. खाली बसला, व्हॉल्व्हचं टोपण काढून खिशात टाकलं आणि हवा सोडायला लागला. फुस्स... फुस्स... मध्येच गेज लावायचा, काटा बघायचा, पुन्हा फुस्स. टायरचा खालचा भाग हळूहळू पसरत गेला, उंटाचं पाऊल वाळूवर पसरतं तसा. 18 पीएसआयवर आणून थांबला. मग दुसरं चाक. मग तिसरं. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो आणि माझं सगळं लक्ष त्या रेघेकडे.

हवा का सोडायची, तर टायर पसरला की त्याचा वाळूला टेकणारा भाग वाढतो. गाडीचं वजन तेवढंच, पण ते जास्त जागेवर विभागलं जातं, आणि चाक वाळू खणण्याऐवजी वाळूवर चढतं. एवढंच शास्त्र आहे. वाळूवर उतरण्याआधी हवा सोडा. पुन्हा सांगतो, वाळूवर उतरण्याआधी.

तिसरं चाक होत होतं आणि मुलीची हाक आली. "लागलं!" पाणी रेघेला टेकून परत गेलं होतं. ड्रायव्हरने मान वर केली, हसला आणि म्हणाला, "शाब्बास. आता दोन पावलं मागे ये आणि दुसरी रेघ तू ओढ." तिने ओढली. तो चौथ्या चाकाकडे गेला.

मग फावडी निघाली. बसमधल्या तरण्या पोरांनी चाकांपुढची, चाकांमागची आणि गाडीच्या पोटाखालची वाळू उपसली. पोटाखालची महत्त्वाची, कारण गाडी तिथेच अडकलेली असते. चाकांमागे प्लास्टिकच्या खाचांच्या पट्ट्या घातल्या. तरुण स्टिअरिंगवर बसला आणि पुढे घ्यायला निघाला. त्याला वर, रस्त्याच्या तोंडाकडे जायचं होतं ना! ड्रायव्हरने खिडकीवर हात ठेवला. "मागे," म्हणाला. "आलास त्याच चाकोरीतून मागे. ती वाळू तुझ्याच गाडीने दाबलेली आहे. आणि पाय हलका." श्रोतेहो, हे मला आयुष्यात कधी सुचलं नसतं. रुतलेला माणूस नेहमी पुढेच बघतो.

रिव्हर्स टाकला. हलका पाय. चाकं एकदा घसरली, पट्टीला धरली, गाडी कुरकुरली आणि एकदम उचलल्यासारखी मागे आली, थेट कडक वाळूवर. मुलीची दुसरी रेघ तेव्हा पाण्याखाली गेली होती. बसमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आजी लेकाच्या खांद्यावर चापट्या मारायला लागल्या. तरुणाने पाकीट काढलं. ड्रायव्हरने ते त्याच्या खिशात परत ठेवलं, त्याच्याकडून गाडीतलं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मागून घेतलं, दुपारच्या भरतीच्या वेळेभोवती पेनाने गोल केला, आणि त्याच्या आधी दोन तास, नंतर दोन तास, अशा दोन रेषा मारल्या. "या दोन रेषांच्या मध्ये गाडी पुळणीवर नाही," म्हणाला. आणि बसमध्ये येऊन बसला. पुढचा अर्धा तास एक शब्द बोलला नाही.

म्हणून सांगतो, गरीवर तुमचा दिवस भरती ठरवते. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास पुळणीवर गाडी नको. ही वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालचा कार्यक्रम आज चालत नाही. वाळूवर गाडी चालवण्याची सवय नसेल तर सरळ बसने जा. स्वतः चालवणार असाल तर वाहनाचा परवाना आधी काढावा लागतो. हर्वी बेजवळच्या रिव्हर हेड्सहून फेरी निघते. एक दिवस पुरतो का, असं मला विचारतात. नाही. रात्र काढा. दिवसाच्या बसा परत गेल्यावरचं तळं वेगळं असतं.

आता प्रवाळाकडे, जरा भराभर. बंडाबर्गहून लहान विमान लेडी एलिअट बेटावर जातं. सामानाला वजनाची मर्यादा असते, म्हणून ती मऊ पिशवी. हे बेटही वाळूचंच, पण ही वाळू नदीची नाही. प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा साचून झालेलं बेट, जेमतेम 45 हेक्टर. यातली बरीच वाळू पोपट मासे तयार करतात. ते चोचीने प्रवाळ खरवडून खातात आणि उरलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो. पाण्यात कान बुडवलेत तर त्यांचं खरवडणं ऐकू येतं, कट कट कट. एकोणिसाव्या शतकात पक्ष्यांच्या विष्ठेच्या खतासाठी हे बेट खणून अक्षरशः बोडकं केलं होतं. पुढे लोकांनी झाडं लावली, पक्षी परत आले. अशी कामं करणाऱ्या माणसांबद्दल मला अपार आदर आहे.

विमान नको असेल तर 1770 गावाहून बोटीने लेडी मस्ग्रेव्ह हे दुसरं प्रवाळाचं बेट गाठा. सुमारे दीड तास उघडा समुद्र आहे, तेव्हा न्याहारी हलकी आणि उलटीची गोळी बोटीत चढण्याआधी. बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. पाण्यात प्रवाळावर उभं राहायचं नाही, हात लावायचा नाही. ती जिवंत वसाहत आहे. समुद्र जास्त तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. तेच शेवाळ त्यांचं अन्न पुरवत असतं. 2016, 2017, 2020, 2022, 2024, अशा अनेक वर्षी या रांगेत मोठ्या प्रमाणावर हे घडलं. काही प्रवाळ सावरतात, काही मरतात. तिथे पोहताना पांढरा तुकडा दिसला तर तो मुद्दाम बघा, मुलांनाही दाखवा.

आणि कधी जायचं? जुलै ते ऑक्टोबर हर्वी बेच्या शांत पाण्यात हंपबॅक देवमासे पिल्लांसह विसावतात. नोव्हेंबर ते मार्च बंडाबर्गजवळ मॉन रेपोच्या किनाऱ्यावर कासवं येतात, आधी अंडी घालायला, आणि जानेवारीपासून पिल्लं बाहेर पडतात. तिथे रात्री वाटाड्याबरोबरच जाता येतं, तिकीट आधी काढावं लागतं. दोन्ही एका सुट्टीत होत नाही. मला विचाराल तर मी ऑगस्ट घेईन. देवमासे असतात, लेडी एलिअटला मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले हलवत पोहणारे मोठे चपटे मासे, असतात, हवा कोरडी असते. पाणी मात्र गार, तेव्हा बोटीवर वेटसूट मागून घ्या आणि तो मापाचा, अंगाला घट्ट बसणारा घ्या, ढिला असेल तर आत पाणी खेळत राहतं आणि थंडी वाजते.

नमस्कार.